औद्योगिक प्रशिक्षण : हात बसण्यापासून जबाबदारी पेलण्यापर्यंत

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेला जोडारी व्यवसायाचा प्रशिक्षणार्थी कानस चालवू शकतो, व्हर्निअर कॅलिपरने माप घेऊ शकतो, रेखाचित्र वाचू शकतो. तथापि, कारखान्यात पहिल्या दिवशी त्याच्याकडून अपेक्षा असते ती याहून निराळी. ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या दर्जाचे, स्वतःला व सहकाऱ्यांना इजा न होता आणि योग्य नोंदीसह पूर्ण झालेले काम, ही ती अपेक्षा होय. संस्थेतील शिक्षण आणि ही अपेक्षा यांमधील अंतर भरून काढण्यासाठी प्रत्यक्ष उद्योगातील प्रशिक्षणाची व्यवस्था करण्यात आली आहे. ही व्यवस्था नीट राबविली गेली तर प्रशिक्षणार्थी कुशल कामगार होतो. ती केवळ कागदावर राहिली तर त्याच्या उमेदीचे एक वर्ष कमी मोबदल्यातील मजुरीत जाते. म्हणूनच या प्रशिक्षणात नेमके काय घडते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

मिस्त्रीच्या हाताखाली राहून काम शिकण्याची रीत भारतात जुनी आहे. सुतार, लोहार, गवंडी, विणकर यांचे ज्ञान याच मार्गाने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले. आधुनिक उद्योगांनीही ही रीत आपल्या पद्धतीने स्वीकारली. बिहारमधील जमालपूर येथे १८६२ मध्ये सुरू झालेला रेल्वे कारखाना पुढे प्रशिक्षणाचे मोठे केंद्र बनला आणि १९२७ पासून तेथे यांत्रिकी अधिकाऱ्यांसाठी विशेष श्रेणीतील शिकाऊ उमेदवार घडविण्यात येऊ लागले. जमशेदपूर येथे पोलाद कारखान्याच्या गरजेतून १९२१ मध्ये तांत्रिक संस्था स्थापन झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये शिल्पकार प्रशिक्षण योजना सुरू करण्यात आली आणि तिच्या अंतर्गत देशभर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे, म्हणजेच आयटीआयचे जाळे उभे राहिले. आज देशात शासकीय व खासगी मिळून १४ हजारांहून अधिक आयटीआय आहेत. संस्थेतील शिक्षणाला उद्योगातील अनुभवाची जोड मिळावी, या उद्देशाने संसदेने शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ संमत केला. आरंभी हा कायदा कारागीर व्यवसायांपुरता होता. १९७३ मधील दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक, तर १९८६ मधील दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रमांचे विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. २०१४ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पुढे २०१९ मधील नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के या मर्यादेत शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक करण्यात आले. त्याहून लहान, म्हणजे ४ ते २९ मनुष्यबळाच्या आस्थापनांसाठी हा विषय ऐच्छिक ठेवण्यात आला.

कार्यशाळा आणि कारखाना : अंतर कशाचे?

आयटीआयची कार्यशाळा आणि कारखाना यांतील यंत्रे पुष्कळदा सारखी असतात. फरक असतो तो कामाच्या परिस्थितीत.

संस्थेत प्रशिक्षणार्थी एक जॉब हाती घेतो. तो बिघडला तर निदेशक चूक दाखवितात आणि धातूचा दुसरा तुकडा मिळतो. शिकण्यासाठी अशी सवड असणे योग्यच आहे. कारखान्यात मात्र बिघडलेल्या तुकड्याची किंमत असते, पुढच्या यंत्रावरचा कामगार त्या तुकड्याची वाट पाहत असतो आणि त्याच्याही पुढे माल ठरलेल्या दिवशी रवाना व्हायचा असतो. एका माणसाच्या उशिराने संपूर्ण साखळी थांबू शकते, ही जाणीव पुस्तकातून येत नाही.

दुसरा फरक सातत्याचा आहे. कातारी व्यवसायाच्या प्रशिक्षणार्थ्याला परीक्षेत एक दंड अचूक व्यासाचा करून दाखवावा लागतो. कारखान्यात तसेच शेकडो तुकडे एका पाळीत निघतात. कापणारे हत्यार हळूहळू झिजते आणि बाहेरून कातलेल्या दंडाचा व्यास कणाकणाने वाढत जातो. पहिला तुकडा अचूक निघाला म्हणून शंभरावा अचूक निघेलच असे नाही. अनुभवी कामगार ठराविक तुकड्यांनंतर मायक्रोमीटर लावून पाहतो, माप कोणत्या दिशेने सरकते आहे ते ओळखतो आणि ते मर्यादेबाहेर जाण्यापूर्वीच यंत्राची मांडणी दुरुस्त करतो. मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर वाचता येणे हे संस्थेत मिळालेले कौशल्य होय. ते माप कधी घ्यायचे आणि त्यावरून काय ठरवायचे, हे कारखाना शिकवितो.

तिसरा फरक संवादाचा आहे. पाळी संपताना यंत्राची स्थिती पुढच्या माणसाला सांगणे, बिघाडाची नोंद वहीत करणे, शंका असल्यास काम थांबवून पर्यवेक्षकाला विचारणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी आहेत. पण यंत्रातून येणारा वेगळा आवाज रात्रपाळीने सांगितला नाही, तर सकाळच्या पाळीत तेच यंत्र बंद पडू शकते. नवख्या प्रशिक्षणार्थ्याला विचारायला संकोच वाटतो. विचारले तर आपल्याला काही येत नाही असे दिसेल, अशी त्याची समजूत असते. चांगल्या प्रशिक्षणात हा संकोच सर्वांत आधी दूर केला जातो.

एका बेअरिंगचे उदाहरण

पंपाचे बेअरिंग बदलणे हे देखभाल विभागातील नेहमीचे काम आहे. संस्थेत प्रशिक्षणार्थी बेअरिंगचे प्रकार शिकतो. ६२०५ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतील व्यास २५ मिलिमीटर येतो, हे त्याला पाठ असते. बेअरिंग दंडावर बसविताना बळ आतील कड्यावर द्यावे, बाहेरील कड्यावर हातोडी मारल्यास आतल्या गोळ्या व त्यांचा मार्ग यांवर व्रण पडतात, हेही त्याने वाचलेले असते.

कारखान्यात तेच काम पुष्कळ आधी सुरू होते आणि पुष्कळ नंतर संपते. प्रथम उत्पादन विभागाकडून पंप बंद करण्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. वीजपुरवठा खंडित करून स्विचला कुलूप व सूचनापट्टी लावावी लागते. नळीतील दाब उतरल्याची खात्री करावी लागते. पंप उघडल्यावर जुने बेअरिंग टाकून देण्याऐवजी ते निरखून पाहावे लागते. वंगण कमी पडले होते का, पाणी शिरले होते का, मोटर व पंप यांचे दंड एका रेषेत नव्हते का, याची खूण त्या जुन्या बेअरिंगवर उमटलेली असते. कारण न शोधता नवे बेअरिंग बसविले तर तेही लवकरच निकामी होते.

नवे बेअरिंग घट्ट बसत असेल तर ते इंडक्शन हीटरवर सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बसविण्याची पद्धत आहे. ज्योतीने तापविल्यास उष्णता असमान लागते आणि पोलादाची कठीणता बिघडते. बसविल्यानंतर दंडांची रेषा जुळविणे, योग्य प्रमाणात वंगण भरणे, कुलूप काढण्यापूर्वी सर्व माणसे व अवजारे दूर झाल्याची खात्री करणे, पंप चालवून तापमान व कंप पाहणे आणि शेवटी कामाची नोंद करणे, हे टप्पे येतात.

या संपूर्ण साखळीत संस्थेत शिकलेला भाग मधल्या एक-दोन कड्यांपुरता असतो. पहिल्या वेळी प्रशिक्षणार्थी केवळ पाहतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो अवजारे देतो, मापे घेतो. पुढे अनुभवी जोडाऱ्याच्या देखरेखीखाली तो स्वतः काम करतो आणि अखेरीस त्याच्यावर एखादे काम सोपविले जाते. पाहणे, मदत करणे, देखरेखीखाली करणे आणि स्वतंत्रपणे करणे, हा क्रम म्हणजेच औद्योगिक प्रशिक्षणाचा गाभा होय. हात बसतो तो या क्रमात. नजर तयार होते तीही याच क्रमात.

सुरक्षितता : वाचून न येणारी सवय

सुरक्षिततेचे नियम भिंतीवर लिहिलेले असतात, पण ते अंगवळणी पडण्यासाठी वेळ लागतो. वीजतंत्री व्यवसायात याचे चांगले उदाहरण मिळते. वाहिनीतील वीज बंद आहे की नाही हे तपासण्यापूर्वी तपासणीचे उपकरण चालू वाहिनीवर लावून ते ठीक असल्याची खात्री करायची, मग हव्या त्या वाहिनीवर तपासायचे आणि शेवटी पुन्हा चालू वाहिनीवर उपकरण तपासायचे, असा नियम आहे. उपकरणच बिघडलेले असेल तर ते जिवंत तारेलाही बंद म्हणून दाखवील, हे त्यामागील कारण. घाईच्या वेळी हाच टप्पा गाळण्याचा मोह होतो. ज्या आस्थापनेत ज्येष्ठ तंत्रज्ञ तो टप्पा कधीही गाळत नाही, तेथील शिकाऊ उमेदवारही तो गाळत नाही. ज्येष्ठच निष्काळजी असेल तर नेमकी तीच सवय उमेदवाराला लागते.

संधाता व्यवसायातही तसेच आहे. डोळ्यांवर काच आणि हातात मोजे हवेत हे सर्वांना ठाऊक असते. परंतु टाकीसारख्या बंदिस्त जागेत वेल्डिंग करण्यापूर्वी आतील हवेची तपासणी करणे, बाहेर एक माणूस उभा ठेवणे, जवळचे ज्वलनशील साहित्य हलविणे आणि काम संपल्यावरही काही वेळ ठिणगी धुमसत नाही ना हे पाहणे, या गोष्टी प्रत्यक्ष जागेवरच उमगतात. जपानी उद्योगांतून आलेली आणि ‘५ एस’ या नावाने परिचित असलेली आवराआवर, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण व शिस्त यांची पद्धतही केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. अवजार जागेवर नसेल तर ते शोधण्यात वेळ जातो आणि जमिनीवर सांडलेले तेल पुसले नाही तर कोणीतरी घसरते.

प्रशिक्षणाचे तीन मार्ग

आयटीआयच्या प्रशिक्षणार्थ्यांना उद्योगाचा अनुभव मुख्यतः तीन मार्गांनी मिळतो.

पहिला मार्ग अभ्यासक्रमातच अंतर्भूत आहे. २०२२ मध्ये सुधारित केलेल्या अभ्यासक्रमानुसार जोडारीसारख्या व्यवसायात पहिल्या वर्षी १,२०० तासांचे प्रशिक्षण ठेवण्यात आले. त्यात ८४० तास प्रात्यक्षिक, २४० तास व्यवसाय सिद्धांत आणि १२० तास रोजगारक्षमता कौशल्ये अशी विभागणी आहे. याखेरीज दरवर्षी १५० तासांचे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण अनिवार्य करण्यात आले असून, जवळपास उद्योग नसल्यास त्याऐवजी समूह प्रकल्प करावयाचा असतो. आठ तासांची पाळी धरली तर १५० तास म्हणजे सुमारे १९ पाळ्या होतात. इतक्या कालावधीत कारखान्याची ओळख होते. प्रावीण्य येण्यास मात्र तो पुरेसा नाही.

दुसरा मार्ग द्विस्तरीय प्रशिक्षण पद्धतीचा आहे. ही पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये तिच्यात सुधारणा करण्यात आल्या. यात आयटीआय व उद्योग यांच्यात सामंजस्य करार होतो. सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक वर्षाच्या अभ्यासक्रमात ३ ते ६ महिने आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ६ ते १२ महिने प्रशिक्षणार्थी उद्योगात शिकू शकतो. प्रशिक्षणार्थी उद्योगातून पुन्हा संस्थेत परत येतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. कारखान्यात पडलेले प्रश्न तो वर्गात घेऊन येतो आणि त्यामुळे सिद्धांताचा तास जिवंत होतो.

तिसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला मूलभूत प्रशिक्षणातून सूट मिळते आणि जोडारीसारख्या व्यवसायात साधारणतः एक वर्ष तो थेट आस्थापनेत प्रशिक्षण घेतो. इतर नव्या उमेदवारांना आधी मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. उमेदवार व आस्थापना यांच्यात करार होतो व त्याची नोंदणी होते. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर परीक्षा घेऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र देण्यात येते. २०१९ मधील नियमांत शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा किमान ५ हजार ते ९ हजार रुपये विद्यावेतन निश्चित करण्यात आले. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये त्यात ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली.

आस्थापनांना प्रोत्साहन मिळावे यासाठी ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र शासनाने उचलण्याची तरतूद तिच्यात करण्यात आली. ऑगस्ट २०२३ पासून हा हिस्सा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्यास प्रारंभ झाला. मे २०२५ पर्यंत देशभरात ४३ लाखांहून अधिक शिकाऊ उमेदवार या योजनेखाली घेण्यात आले होते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्यात बारावी उत्तीर्ण उमेदवारांना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये मासिक विद्यावेतन ठेवण्यात आले. आरंभी सहा महिन्यांची असलेली प्रशिक्षणाची मुदत २०२५ मध्ये ११ महिने करण्यात आली. ही योजना शिकाऊ उमेदवार अधिनियमातील करार व परीक्षा यांहून स्वतंत्र आहे, हे उमेदवारांनी ध्यानात ठेवणे इष्ट.

प्रशिक्षण की केवळ काम?

औद्योगिक प्रशिक्षणाविषयीचा सर्वांत मोठा आक्षेप असा की, काही ठिकाणी शिकाऊ उमेदवाराकडे स्वस्त मनुष्यबळ म्हणून पाहिले जाते. उमेदवाराला वर्षभर एकाच यंत्रावर उभे केले जाते किंवा माल उचलणे, बांधणे अशी कामे दिली जातात. वर्ष संपते, प्रमाणपत्र मिळते, पण व्यवसायातील बहुतेक कौशल्यांना त्याचा हात लागलेला नसतो. मुलाखतीत याच उमेदवाराला साधा बिघाड शोधता येत नाही आणि दोष त्याच्या माथी मारला जातो.

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे अधिनियमात म्हटले आहे. प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम त्याला देणे किंवा तुकड्यागणिक मोबदल्यावर त्याला राबविणे कायद्याला मान्य नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीखेरीज त्याला जादा वेळ कामावर ठेवता येत नाही आणि असा जादा वेळ प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचा असला तरच मंजुरी मिळू शकते. आरोग्य, सुरक्षितता व कल्याणविषयक तरतुदींचे संरक्षण त्याला कामगारांप्रमाणेच आहे. प्रशिक्षणाच्या काळात आणि प्रशिक्षणामुळे झालेल्या दुखापतीची भरपाई देण्याची जबाबदारीही आस्थापनेवर आहे.

मात्र ‘कामगार नव्हे’ या शब्दांची दुसरी बाजूही आहे. कामगाराला मिळणारे वेतन व स्थैर्य उमेदवाराला मिळत नाही. ज्या घरात मुलाच्या कमाईवर भिस्त असते, तेथे गाव सोडून शहरात राहणे, खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास यांचा खर्च विद्यावेतनातून भागविणे कठीण जाते. प्रशिक्षण अर्धवट सोडून मिळेल त्या रोजंदारीवर जाणारे उमेदवार अनेकदा या कारणाने गळतात. त्यांच्या क्षमतेचा प्रश्न तेथे नसतो. मुलींच्या बाबतीत पाळीच्या वेळा, वसतिगृह आणि सुरक्षित वाहतूक हे प्रश्न अधिक तीव्र असतात.

प्रशिक्षणानंतरची नोकरी हा तर सततचा वादविषय आहे. अधिनियमानुसार प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन आस्थापनेवर नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक आस्थापनेने याबाबत स्वतःचे धोरण ठरवावे, अशी तरतूद आली. उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असे म्हटले की, इतर बाबी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य मिळावे. प्राधान्य म्हणजे हमी नव्हे, आणि या दोहोंमधील अंतरातूनच असंतोष जन्म घेतो. २० मार्च २०१८ रोजी रेल्वेतील शिकाऊ प्रशिक्षण पूर्ण केलेल्या तरुणांनी मुंबईत माटुंगा व दादर या स्थानकांदरम्यान रुळांवर उतरून मध्य रेल्वेची वाहतूक रोखली होती. अशा उमेदवारांसाठी असलेल्या २० टक्के राखीव जागांची मर्यादा दूर करून सर्वांना सामावून घ्यावे, ही त्यांची मागणी होती.

जर्मनीचा दाखला

भारतातील द्विस्तरीय पद्धतीवर जर्मनीतील व्यवस्थेची छाप आहे. तेथील व्यावसायिक प्रशिक्षणाचा मूळ कायदा १९६९ चा आहे. प्रशिक्षणार्थी आठवड्यातील साधारण तीन ते चार दिवस उद्योगात आणि एक ते दोन दिवस व्यवसाय शाळेत शिकतो. व्यवसायानुसार हा क्रम दोन ते साडेतीन वर्षे चालतो. प्रत्येक व्यवसायाचा आराखडा शासन, मालक संघटना आणि कामगार संघटना यांच्या सहमतीने तयार होतो. परीक्षा उद्योग व कारागिरांच्या मंडळांकडून घेतल्या जातात.

या व्यवस्थेतील तीन बाबी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. प्रशिक्षणार्थ्याला प्रशिक्षणाच्या उद्दिष्टाशी सुसंगत आणि त्याच्या शारीरिक क्षमतेला झेपेल असेच काम देता येते, असे कायदा सांगतो. प्रशिक्षण देणाऱ्या व्यक्तीकडे स्वतःच्या व्यवसायाबरोबरच शिकविण्याचीही पात्रता असावी लागते. प्रशिक्षणार्थ्याने नियमित नोंदवही ठेवली नसेल तर त्याला अंतिम परीक्षेला बसता येत नाही. अर्थात ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. जर्मनीतही सुमारे पाचपैकी एकच उद्योग प्रशिक्षण देतो आणि जे देतात त्यांच्या पाठीशी मंडळांची जुनी परंपरा उभी आहे. भारतात मोठ्या प्रमाणावर रोजगार लहान कारखान्यांत व असंघटित क्षेत्रात आहे.

यशाच्या अटी

उद्योगातील प्रशिक्षण फलदायी होण्यासाठी काही गोष्टी आवश्यक असल्याचे अनुभवास येते.

पहिली गोष्ट म्हणजे लेखी आराखडा. कोणत्या महिन्यात उमेदवार कोणत्या विभागात असेल आणि तेथे काय शिकेल, हे आधी ठरलेले असावे. देखभाल, उत्पादन, तपासणी व भांडार अशा विभागांतून फिरलेल्या उमेदवाराला कारखाना एकसंध दिसतो. भांडारात महिनाभर राहिलेला उमेदवार सुटा भाग मागताना त्याचा क्रमांक लिहिण्यास विसरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नेमून दिलेला मार्गदर्शक. उत्तम कारागीर हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. वर्षानुवर्षे सरावाने जे सहज जमते ते शब्दांत सांगणे त्याला अवघड जाते. शिवाय स्वतःचे उत्पादनाचे लक्ष्य पूर्ण करायचे असताना उमेदवाराला शिकविण्यासाठी त्याच्याकडे वेळही नसतो. ज्या आस्थापना मार्गदर्शकाच्या कामाच्या हिशेबात शिकविण्याचा वेळ धरतात, तेथेच प्रशिक्षण टिकते.

तिसरी गोष्ट म्हणजे दैनंदिनी. ‘आज पंपाचे काम केले’ एवढ्या नोंदीतून काही साध्य होत नाही. काय बिघडले होते, कारण काय निघाले, कोणते माप आले, आपण कोठे चुकलो, असे लिहिणारा उमेदवार तेच काम दुसऱ्यांदा करताना अधिक जाणतेपणाने करतो. संस्थेच्या निदेशकाने ती दैनंदिनी वाचली आणि मधूनमधून कारखान्यात भेट दिली, तर उमेदवार कोणत्या कामापासून वंचित राहतो आहे तेही वेळीच कळते. अशा भेटींतून निदेशकालाही नवी यंत्रे व बदललेल्या पद्धती पाहता येतात.

चौथी गोष्ट म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारे मूल्यमापन. वर्षअखेरच्या एका परीक्षेत उमेदवाराने पूर्ण केलेला जॉब दिसतो. तो वेळ पाळतो का, अनपेक्षित बिघाडाच्या वेळी गोंधळून जातो का, चूक झाल्यास ती लपवितो की सांगतो, हे रोजच्या कामातच दिसते. सदोष तुकडा गुपचूप चांगल्या मालात मिसळणारा कामगार कितीही कुशल असला तरी आस्थापनेला महाग पडतो. म्हणून चूक सांगणाऱ्या उमेदवाराला शिक्षा न करता तिचे कारण शोधण्याची पद्धत प्रशिक्षणाच्या काळातच रुजविणे हितावह ठरते.

लहान उद्योग आणि दूरची गावे

वाहन, पोलाद, रेल्वे, वीज अशा मोठ्या क्षेत्रांत स्वतंत्र प्रशिक्षण केंद्रे असतात. पाच-दहा माणसांच्या कारखान्यात तशी सोय नसते. तरीही लहान कारखान्याचा एक लाभ आहे. तेथे कामाची विभागणी कमी असल्याने उमेदवाराला सुटा भाग तयार करण्यापासून तो ग्राहकाकडे बसविण्यापर्यंत सर्व पाहता येते. उणीव असते ती व्यवस्थित शिकविण्याची. काही लहान कारखान्यांनी एकत्र येऊन उमेदवारांना आळीपाळीने प्रशिक्षण देणे आणि सिद्धांताचा भाग जवळच्या आयटीआयने सांभाळणे, हा त्यावरील व्यवहार्य मार्ग आहे.

ज्या तालुक्यात उद्योगच नाही, तेथील आयटीआयपुढील प्रश्न अधिक बिकट आहे. समूह प्रकल्पाची मुभा ही तडजोड आहे. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठ्याचा पंप, वीज उपकेंद्र, एस. टी. आगार, साखर कारखाना, दूध संकलन केंद्र अशी ठिकाणेही शिकण्याच्या जागा होऊ शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने ६० हजार कोटी रुपयांच्या तरतुदीसह पीएम-सेतू योजनेचा प्रारंभ केला. तिच्यात १ हजार शासकीय आयटीआयचे उद्योगांच्या सहभागाने अद्ययावतीकरण करण्याचे योजिले असून, २०० संस्था केंद्रस्थानी आणि ८०० संस्था त्यांना जोडलेल्या, अशी रचना ठरविण्यात आली आहे. नव्या यंत्रांबरोबरच त्या यंत्रांवर प्रशिक्षणार्थ्याला प्रत्यक्ष किती तास मिळतात, यावर अशा योजनेचे फलित अवलंबून राहील.

समारोप

प्रशिक्षणाच्या अखेरीस उमेदवाराच्या हाती एक प्रमाणपत्र येते. त्या कागदाला मोल येते ते त्यामागील दिवसांमुळे. बंद पडलेल्या यंत्रासमोर उभे राहून, आधी कुलूप लावून, मग कारण शोधून आणि शेवटी नोंद करून जो काम संपवितो, त्याने प्रशिक्षण खऱ्या अर्थाने पूर्ण केले असे म्हणता येते. ती पात्रता उमेदवार एकटा मिळवू शकत नाही. त्यासाठी संस्थेने पाया घालावा लागतो, आस्थापनेने विश्वासाने काम सोपवावे लागते, मार्गदर्शकाने वेळ द्यावा लागतो आणि शासनाने कराराच्या नोंदणीबरोबरच प्रशिक्षणाच्या दर्जाकडेही लक्ष पुरवावे लागते. यांपैकी एकही बाजू कमी पडली तर तिची किंमत मोजावी लागते ती एक वर्ष देऊन शिकायला आलेल्या तरुणाला.